पाचच्या तासाची चाळीस कार्डं

कोरीन : चहा राहू द्या, मिस्टर हर्शेल. आधी ह्या डब्याचं सांगा.

हर्शेल : बर्फ विरघळून जाईल. शिवाय माझी बायको खिडकीतून बघतेय, नॅडीन. तू पेला हातात घेतला नाहीस तर ती बाहेर येईल, आणि मग डब्याचं राहिलंच. बस. झोपाळ्यावर नको, त्याची एक साखळी निसटते. इथं बस, शेंगांच्या टोपलीपाशी.

कोरीन : घेतला पेला. आता सांगा. पत्र्याचा डबा, त्यात चाळीस कार्डं. एका कार्डावर एक गाणं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळा ठिपका. अक्षर तुमचं.

हर्शेल : अक्षर माझंच. डबा कुठं होता?

कोरीन : माझ्याच कपाटात, वरच्या फळीवर. जूनमध्ये तुम्ही रेडिओ स्टेशनातली खुर्ची सोडलीत आणि मी बसले, त्याच आठवड्यात मी तो उचलून वर टाकला होता. खरं सांगू? मला वाटलं, पहाटे पाचला कोण ऐकतंय, म्हणून तुम्ही एकतीस वर्षं तीच चाळीस गाणी पुन्हा पुन्हा लावून मोकळे झालात.

हर्शेल : आणि आज काय वाटतं?

कोरीन : आज वाटतं की मी डबा उघडून नीट बघायला हवा होता. काल दूध संघाचं पत्र आलं.

हर्शेल : हं.

कोरीन : मालकांनी, लायमननी, मला आत बोलावलं, पण दार उघडंच ठेवलं. म्हणजे बाहेरच्या टेबलावरच्या बाईंना सगळं ऐकू जाईल. म्हणाले, बावीस वर्षं पाचचा तास संघाच्या जाहिरातीवर चालतो, आणि आता पहिल्या तारखेपासून बंद. कारण एका ओळीत. सभासद नाराज आहेत. बस, एवढंच. कशावर नाराज, ते नाही.

हर्शेल : लायमन काय करणार म्हणतो?

कोरीन : छपरावर उपग्रहाची मोठी ताटली बसवणार. टेक्सासमधून चोवीस तास तयार गाणी येतात म्हणे, आपण फक्त मध्ये आपल्या जाहिराती घालायच्या. माणूस एक पुरे. सोमवारी कराराचा कागद येतोय, सहीला.

हर्शेल : आणि तू?

कोरीन : मी परत लुइव्हिलला जाईन. तिथं नोकरी मिळेल. तिथं आठ वर्षं मी वरून आलेली यादी वाजवली, मिस्टर हर्शेल. कोणी मला विचारलं नाही की ह्या गाण्यानंतर कोणतं. इथं पहिल्यांदा ते माझ्या हातात आलं. आणि दिवस चांगला चाललाय हो. परवाच वह्यांचा निकाल आला.

हर्शेल : वह्या अजून पाठवतात वाटतं घरोघर.

कोरीन : पाठवतात. आठवडाभर कुठलं स्टेशन किती वेळ ऐकलं ते लिहायचं. सात काउंटींत आपण पहिले आहोत. सकाळी सातला पहिले, दुपारी पहिले, संध्याकाळी घरी जायच्या वेळेला तर दुसऱ्याच्या दुप्पट. फक्त पाचचा तास पडलाय. म्हणून विचारायला आले. काय चुकलं माझं?

हर्शेल : तुझं गाण्यांच्या क्रमाचं घड्याळ आणलंयस?

कोरीन : आणलंय. हे.

हर्शेल : पुठ्ठा चांगला वापरलास. माझं तर केकच्या खोक्याचं होतं. थांब, चष्मा लावतो. तासाच्या सुरुवातीला लाल फोड, म्हणजे सध्याचं गाजतंय ते. मग हिरवी, दोन-तीन वर्षांपूर्वीचं. मग पिवळी, जुनं. बातम्यांच्या आधी नेहमी ओळखीचं गाणं. छान. आणि हे काय, दोन बायका पाठोपाठ?

कोरीन : हो. दहाच्या तासात.

हर्शेल : मला पंचावन्न साली सांगितलं होतं की एका बाईच्या गाण्यामागे लगेच दुसरी बाई लावली तर लोक बटण फिरवतात. मी एकतीस वर्षं पाळलं ते. कोण फिरवतं, हे कधी विचारलं नाही.

कोरीन : कोणी फिरवत नाही. फोन वाढलेत दहाला.

हर्शेल : माहीत आहे. नॅडीन त्या वेळी ओट्यापाशी असते. दुसरी बाई लागली तेव्हा तिनं कणकेचा हात तसाच वर धरला आणि म्हणाली, हर्शेल, ही पोरगी शहाणी आहे.

कोरीन : मग तुम्ही एकदा तरी फोन करायचा होता.

हर्शेल : निवृत्त माणसानं स्टेशनात डोकावू नये. माझ्या आधीचा माणूस रोज डोकावायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं. बरं, ह्या शेंगा घे मांडीवर. दोन्हीकडच्या शिरा काढायच्या. हात चालू राहिले की डोकं चालतं. आणि डोळे मीट.

कोरीन : डोळे मिटून शिरा कशा काढू?

हर्शेल : आमच्या रविवारच्या शाळेतली सहा वर्षांची पोरं काढतात. असू दे, उघडे ठेव. पहाटेचे पाच वाजलेत. आपल्या काउंटीत दिवे कुठं लागलेत?

कोरीन : गोठ्यांत. तेवढं मला कळतं, मिस्टर हर्शेल. दूधवाले उठतात. म्हणून तर मी जागं करणारी गाणी लावली. ढोल, फिडल, पहिल्या क्षणापासून दणका. माणूस अर्धवट झोपेत असतो.

हर्शेल : पाचला धार सुरू झाली, म्हणजे तो उठला किती वाजता?

कोरीन : चार. सव्वाचार. बरं, झोपेत नसतो.

हर्शेल : रेडिओ कुठं आहे?

कोरीन : खिळ्याला. नाहीतर तुळईवर.

हर्शेल : त्याचे हात कुठं आहेत?

कोरीन : गाईच्या कासेपाशी. यंत्र लावायचं, काढायचं, पुढच्या गाईकडे जायचं. हात रिकामे नाहीत, म्हणजे तो स्टेशन बदलायला जाणार नाही. हे मी धरलं होतं.

हर्शेल : चांगलं धरलंस. आता किती जण ऐकतायत ते सांग.

कोरीन : एक. नवरा-बायको दोघं असतील तर दोन.

हर्शेल : परत मोज.

कोरीन : एखादा गडी असेल तर तीन.

हर्शेल : वेल्मा एस्टेपच्या गोठ्यात मी त्रेचाळीस मोजतो. गडी नाही तिच्याकडे.

कोरीन : त्रेचाळीस माणसं कशी मावतील गोठ्यात?

हर्शेल : माणूस एकच. वेल्मा.

कोरीन : आणि बाकी बेचाळीस... तुम्ही माझी थट्टा करताय.

हर्शेल : शेंग तशीच टाकलीस बघ, शीर राहिली.

कोरीन : मिस्टर हर्शेल, तुम्ही एकतीस वर्षं गाईंसाठी गाणी निवडत होतात?

हर्शेल : पहिली चार वर्षं नाही. एकोणसाठ साली कळलं. एक नवी तबकडी आली होती, सुरुवातीलाच आगगाडीची शिटी. इतकी खरी की मी स्वतः खिडकीकडे बघितलं होतं. मला वाटलं, पहाटे सगळ्यांना गंमत वाटेल. पाच दहाला लावली. वेल्माचा नवरा ऑर्व्हिल तेव्हा एका पहिलटकर गाईखाली बसला होता. तिनं अशी लाथ घातली की मनगट दोन ठिकाणी मोडलं. मला दुपारी कळलं, तेही ऑर्व्हिलकडून नाही. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. मी भेटायला गेलो तर तो म्हणतो, पाय घसरला.

कोरीन : खोटं का बोलला?

हर्शेल : तूच सांग. सहा फूट दोन इंच उंच माणूस. रेडिओवाल्याला काय सांगेल, माझ्या गाईला तुझं गाणं आवडलं नाही?

कोरीन : म्हणून मलाही कोणी सांगितलं नाही.

हर्शेल : तुला तर मुळीच नाही. तू शहरातून आलेली. तू हसशील अशी भीती. सहा आठवडे मी संध्याकाळच्या धारा काढल्या त्याच्याकडच्या. त्यात मला दिसलं की गाय ऐकते. कढई पडली तर ऐकते, अनोळखी खोकला ऐकते. आवाज अचानक आला की पान्हा चोरते, मग वर्षभर शिंगं चोळ नाहीतर पाठ थोपट. त्या हिवाळ्यात मी सगळी गाणी बसून ऐकली, फक्त पहिली दहा सेकंद. जी हळू उगवतात ती वेगळी काढली. चाळीस निघाली. त्यांना निळा ठिपका.

कोरीन : कार्डावर लिहायचं ना मग. एक ओळ.

हर्शेल : काय लिहू? गाईंसाठी? मी कार्यक्रम प्रमुख होतो, पोरी. नवा मालक आला आणि त्यानं डबा उघडला तर? ऑर्व्हिल जेवढा लाजला तेवढाच मी लाजलो. आणि तुला ती लाज महागात पडली. चूक माझी आहे.

कोरीन : मग ह्या एका कार्डाचं काय? ठिपका आहे, शिवाय लाल रेघ आहे, आणि समोर लिहिलंय, पाच वीस, रोज. आणि हे गाणं तर बँजोनं सुरू होतं. दणकून.

हर्शेल : ते जाऊ दे. ते घरगुती आहे.

कोरीन : मिस्टर हर्शेल.

हर्शेल : नॅडीनचं आहे. मी साडेचारला घरातून निघायचो, तेव्हा ती झोपलेली. गजराच्या घड्याळाचा तिला राग. म्हणाली, मला माझं गाणं लाव, मी त्यानं उठते. रोज पाच वीसला लावलं. ठिपका देताना हात अडखळला होता, पण दिला. आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही, म्हणून राहिलं.

कोरीन : मग सोपं आहे. उद्या डेल पहाटे माईकवर आहे, त्याला डबाच देते. चाळीसच्या चाळीस परत.

हर्शेल : आणि संघ परत येईल?

कोरीन : यायला हवा.

हर्शेल : कशावरून? मी सांगितलं म्हणून? मी संध्याकाळच्या धारा बघितल्या. पहाटे पाचला मी माईकपुढे, काचेच्या आड. माझा तास गोठ्यात कसा वाजतो ते मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. वेल्मा संघाच्या समितीवर आहे, तिनं सही केली असणार. डेलला गाणी उद्यापासून लावू दे, आणि परवा आपण दोघं तिच्या गोठ्यात जाऊ.

कोरीन : ती येऊ देईल?

हर्शेल : नॅडीननं भट्टीत भाजलेली पीचची पाय नेऊ. दारातून तरी आत घेईल.

(शनिवार, पाचला पाच कमी. वेल्मा एस्टेपचा गोठा. रेडिओ दाराजवळच्या खिळ्याला आहे. त्याला बटण नाही, नुसती दांडी.)

वेल्मा : दार लोटून घ्या. हर्शेल, तू चर्चचे बूट घालून आलास गोठ्यात?

हर्शेल : कोणाकडे जायचं तर नीट जावं, असं नॅडीन म्हणाली.

वेल्मा : तिला सांग, माझ्या गाई बूट बघत नाहीत, त्यांच्यावर काय करायचं ते करतात. ही गाणीवाली का?

कोरीन : कोरीन एकर्स, मॅम. ही पीचची पाय नॅडीनबाईंनी—

वेल्मा : खिडकीत ठेव, मांजर जाईल तिकडे नको. आणि भिंतीला धरून उभी राहा. ती तिसरी आहे ना, पांढऱ्या कपाळाची, ती नव्या माणसाला लाथ दिल्याशिवाय ओळख करून घेत नाही.

कोरीन : मिस वेल्मा, मी आधी तुमची माफी मागायला—

वेल्मा : पाच वाजले. थांब. ... हं. कालच्यासारखंच. परत आलं हे. काल मला वाटलं, डेलनं चुकून लावलं. कान बघ त्यांचे.

कोरीन : सगळ्यांचे एकाच बाजूला वळले.

वेल्मा : आणि आता तोंडं हलायला लागतील. बघ. रवंथ. जूनपासून हे बंद होतं. पहिल्या दिवशी तुझा तो ढोल वाजला आणि अकरा जणींनी एकदम शेण टाकलं. मोजली मी. ऑर्व्हिल असता तर हसून पडला असता, मला हसू येईना, उचलायचं मलाच होतं.

कोरीन : मला खरंच माहीत नव्हतं.

वेल्मा : कसं असणार? कोणी सांगितलं तर ना. यंत्र लावलं की नुसती हवा ओढायचं. पान्हा वर चढवून उभ्या. टाकीत मोजायची काठी घालते मी, रोज दोन बोटं कमी. मी चारा बदलला. पाणी बदललं. पशुवैद्याला बोलावलं, त्यानं तपासून सांगितलं, ठणठणीत आहेत. मग एक दिवस मी पक्कड आणली आणि रेडिओ बंद केला. चार वर्षांपूर्वी बटण तुटलं त्याचं, तेव्हापासून कधी फिरवायची गरजच पडली नव्हती.

हर्शेल : आणि बंद केल्यावर?

वेल्मा : आणखी वाईट. शांततेत त्यांना माझा खोकला ऐकू यायचा. मग नदीपलीकडचं स्टेशन लावून बघितलं. तो माणूस सारखा ओरडतो. शेवटी पुन्हा तुमचंच लावलं, पण अगदी बारीक.

हर्शेल : संघाच्या सभेत तू हे बोललीस?

वेल्मा : सभेत सगळ्यांचं दूध कमी. एक म्हणाला गवत, एक म्हणाला उन्हाळा. रेडिओचं नाव कोणी घेईना. सगळे छताकडे बघत बसले होते, छताला काही नव्हतं. शेवटी सेक्रेटरीनं लिहिलं, सभासद नाराज, आणि आम्ही पाच जणांनी मुकाट सह्या केल्या. मीही केली. सरक जरा, हर्शेल, मला पुढची घेऊ दे.

कोरीन : मिस वेल्मा, आता ही गाणी परत आली. तेवढ्यानं भागेल?

वेल्मा : किती वाजले?

कोरीन : पाच अठरा.

वेल्मा : दोन मिनिटं थांब, आणि हर्शेल, तू तिथून हल. त्या वाटेनं मला गाईंच्या आंबोणाची गाडी न्यायचीय.

हर्शेल : आता जे लागेल त्याबद्दल आधीच सांगतो, वेल्मा. ते जरा दणदणीत आहे. त्याचं कारण वेगळं आहे, गाईंशी त्याचा संबंध नाही. बिचकल्या तर दोष माझा.

वेल्मा : गप उभा राहा.

कोरीन : बँजो.

हर्शेल : अरे. ह्यांना झालं काय? सगळ्या माना वळवून इकडे बघतायत.

वेल्मा : तुझ्याकडे नाही बघत. माझ्या गाडीकडे बघतायत. सत्तावीस वर्षं ह्या गाण्याला आंबोण पडतं ह्या गोठ्यात. ऑर्व्हिलनं सुरू केलं. हात मोडला होता तेव्हा घड्याळ बांधता येईना त्याला, म्हणून तो म्हणाला, बँजो वाजला की घाल. तेच राहिलं. बँजो वाजला की ह्यांना कळतं, आणि पान्हा सोडतात. ती बघ, दुधाची काचेची नळी. पांढरी झाली बघ.

कोरीन : एकदम सगळ्यांनी.

वेल्मा : फक्त माझ्याच नाही. ऑर्व्हिलनं कुठंतरी सांगितलं, ते बघून शेजारी, त्याचा मेव्हणा, असं करत करत पार काउंटीच्या टोकापर्यंत. आणि जूनमध्ये एक दिवस पाच वीस झाले आणि बँजो नाही. मी आंबोण घातलं तरी ह्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. जशी काही मीच विसरले.

हर्शेल : मला वाटत होतं, हळू सुरू होतात म्हणून त्यांना चालतात.

वेल्मा : शिट्टी त्यांना नको असते, ते खरं. पण हळू की जोरात, ह्याचं त्यांना काय? कधी, ह्याचं आहे. काल जे झालं ते आज त्याच वेळी झालं पाहिजे.

हर्शेल : नॅडीनला सांगू नको. तिच्या गाण्यावर सबंध काउंटीच्या गाई.

वेल्मा : नॅडीनला सतरा वर्षांपूर्वीच सांगितलंय मी. केस कापायच्या दुकानात. ती इतकी हसली की अर्धे केस कापायचे राहिले.

हर्शेल : मला कधी बोलली नाही ती.

वेल्मा : तुझ्या त्या ठिपक्यांचं गणितच मोडलं असतं ना, तिनंच सांगितलेत ते मला. हे धर, दोरी धर जरा. रडतोस की काय?

हर्शेल : नाही. तास बघतोय माझा. काचेआडून कधी दिसला नाही.

कोरीन : मिस वेल्मा, तर मग चाळीस गाणी पुन्हा पहिल्यासारखी, त्याच वेळी. मी हात लावणार नाही.

वेल्मा : देव करो तसं न होवो.

कोरीन : म्हणजे?

वेल्मा : हर्शेल, तू चांगला माणूस आहेस, तुझ्यासमोरच बोलते. एक गाय माझ्याकडे दहा-बारा वर्षं राहते. तिला चाळीस गाणी पुरतात. मी सदतीस वर्षं आहे ह्या गोठ्यात. ती घराकडे परत जाणाऱ्या माणसाची गाणी, सगळी, मला शब्दन्‌शब्द पाठ आहेत. तो अजून पोचला नाही घरी.

हर्शेल : कधी म्हणाली नाहीस.

वेल्मा : तू विचारलं नाहीस. गाईंना विचारलंस, वह्यांना विचारलंस. ह्या पोरीनं निदान माझ्यासाठी काहीतरी लावलं होतं, गाईंना विसरली एवढंच. एक गाणं होतं तुझं. जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात. म्हातारी बाई, नवरा गेलेला, गवताची गाडी ट्रॅक्टरला जोडून मागं घ्यायला शिकते. तीनदा कुंपण मोडते.

कोरीन : चौथ्यांदा बरोबर जाते.

वेल्मा : चौथ्यांदाचं मी ऐकलंच नाही. त्याच्या मागोमाग तुझा ढोल आला आणि मी पक्कड घेतली.

कोरीन : मिस वेल्मा, पाच चाळीसला मी आज एक कार्ड बदललंय. डब्यातलं एक काढलं आणि माझं एक घातलं. नुसत्या गिटारीनं सुरू होतं, म्हणून निवडलं. तेच आहे.

हर्शेल : मला न विचारता?

कोरीन : निवृत्त माणसानं डोकावू नये असं मी कुठंतरी ऐकलंय.

वेल्मा : हे बरं बोलली. बघ, मी सांगते कसं करायचं. पहिलं गाणं, बँजो, आणि गाई सोडायच्या वेळेचं शेवटचं, ह्या तिन्हींना हात लावायचा नाही. बाकीच्यांत नवं एक घाल, पण दोन आठवडे रोज त्याच वेळी. गाईला दोन आठवडे लागतात. मग पुढचं घाल.

कोरीन : वर्षाला सव्वीस गाणी. आणि दर वेळी मी आधी इथं येऊन ऐकेन. चालेल तुम्हाला?

वेल्मा : बूट आण मात्र. हे बूट नाहीत.

हर्शेल : वेल्मा, लायमन सोमवारी सही करणार आहे. टेक्सासहून गाणी.

वेल्मा : टेक्सासला ठाऊक आहे मी आंबोण कधी घालते?

हर्शेल : नाही.

वेल्मा : मग. उद्या लायमन चर्चच्या पायऱ्यांवर सापडेल, तो नेहमी लवकर सटकतो, मी खालच्या पायरीवर उभी राहते. आज दुपारी चार फोन करते, ज्यांनी सह्या केल्यात त्यांना. आधी बँजोचं सांगेन. मग पत्र मागं घ्यायचं. त्यांना सुटल्यासारखं होईल, बघ. कोणीतरी आधी बोलायला हवं होतं.

कोरीन : तुम्हाला लाज नाही वाटणार?

वेल्मा : वाटेल. पण दोन बोटं दूध कमी, त्याच्यापेक्षा कमी वाटेल. हं, लागलं वाटतं तुझं.

हर्शेल : ती पांढऱ्या कपाळाची मान वर करतेय.

कोरीन : श्वास रोखून धरलाय मी.

हर्शेल : बघितलं इकडे. ... नाही. खाली घातली मान. खातेय.

कोरीन : मिस वेल्मा, पहिल्यांदा कुंपण मोडलं बघा.

वेल्मा : ऐकतेय. पक्कड तिथं खिळ्याला आहे. आवाज थोडा मोठा कर.